लस कोणी विकत घ्यायची?

21 जून 2021 रोजी मध्य प्रदेशात एका दिवसात सोळा लाखांहून अधिक लोकांना कोरोनाची लस टोचली गेली. देशात पहिला नंबर. त्यात एकट्या इंदूर जिल्ह्याच्या दोन लाखांहून जास्त मात्रा होत्या. आदल्या दिवशी, रविवारी, साऱ्या राज्यात हजार जणांनाही लस मिळाली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आकडा पाच हजारांनाही शिवला नाही. मंगळवार आणि शुक्रवार हे आपल्याकडे लहान मुलांच्या नेहमीच्या लसीकरणाचे वार, हे मला ठाऊक आहे. पण सोळा लाख मात्रा एका दिवसात टोचायच्या तर त्या आधी कुठेतरी साठत जाव्या लागतात, आणि ते दिवस टंचाईचे होते. त्या सोमवारी केंद्रांवर ज्या सिस्टर्सनी सकाळपासून रात्रीपर्यंत मान वर केली नाही त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. माझं म्हणणं आहे ते त्यांच्या हातात कुपी कधी आणि किती येते, हे जे वर बसून ठरवतात त्यांच्याबद्दल.

माझं आयुष्य इंदूरच्या दवा बाजारात, घाऊक औषधांच्या धंद्यात गेलं. इथे एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळते: कंपनी माल तयार करते तो ऑर्डर बघून, गरज बघून नव्हे. एप्रिल 2021 मध्ये रेमडेसिविरसाठी याच बाजारासमोर लागलेल्या रांगा मी पाहिल्या. लोकांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती, खिशात पैसे होते, देशात ते इंजेक्शन बनवणाऱ्या कंपन्याही होत्या. पण डिसेंबर-जानेवारीत रुग्ण घटले, मागणी आटली आणि कंपन्यांनी उत्पादन आवरतं घेतलं. पुन्हा सुरू करून माल बाजारात यायला काही आठवडे लागतात, आणि तेवढे आठवडे कोणाकडेच नव्हते.

लशीचं तर याहून अवघड. गोळ्यांचं यंत्र रात्रपाळीत चालवून माल वाढवता येतो. लस बहुतेकदा जिवंत पेशींमधून निघते, तिचा एक बॅच तयार व्हायला महिने लागतात, आणि तयार झाल्यावरही कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेने तपासून सोडल्याशिवाय कुपी बाहेर पडत नाही. म्हणून लशीची टंचाई ज्या दिवशी दिसते त्या दिवशी ती सुरू झालेली नसते. ती सहा-आठ महिने आधी, कोणीतरी खरेदीचा कागद पुढे ढकलला तेव्हाच झालेली असते.

गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना लस का मिळत नाही, यावर दोनच उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, श्रीमंत देशांचं मन मोठं नाही. दोन, गरीब देशांत कारखाने नाहीत. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींमुळे मूळ मुद्दा नजरेआड होतो. लस वेळेवर मिळते ती जो वेळेवर, मोठ्या प्रमाणात आणि पैसे बांधून मागतो त्याला. असा खरेदीदार म्हणून उभं राहणं हे सरकारचं काम आहे. ते राज्यांवर, खासगी रुग्णालयांवर किंवा दात्यांच्या दयेवर सोडता येत नाही.

आधी आपल्या घरचंच पाहू. ब्रिटनने मे 2020 मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या दहा कोटी मात्रा बांधून घेतल्या. अमेरिकेने जुलै 2020 मध्ये फायझरला दहा कोटी मात्रांसाठी 195 कोटी डॉलरचा करार दिला. तेव्हा लस चालेल की नाही हेही माहीत नव्हतं. भारत सरकारची पहिली ऑर्डर गेली जानेवारी 2021 मध्ये: कोविशील्डच्या 1 कोटी 10 लाख मात्रा आणि कोव्हॅक्सिनच्या 55 लाख. जवळपास एकशे चाळीस कोटींच्या देशाची ही पहिली ऑर्डर. सीरम आणि भारत बायोटेकला मिळून साडेचार हजार कोटींची आगाऊ रक्कम मंजूर झाली ती एप्रिलमध्ये, दुसरी लाट अंगावर आल्यावर. ज्या देशात जगातली सगळ्यात मोठी लस कंपनी आहे, त्या देशाने आपल्याच कारखान्याला रांगेत उभं राहून विचारलं. जगाला औषधं पुरवणारा देश म्हणून आपण मिरवतो. तो अभिमान मलाही आहे, म्हणूनच ही गोष्ट जास्त बोचते.

आम्हा इंदूरच्या मराठी घरांत त्या दिवसांत पुण्याला फोन करणं हा एक कार्यक्रमच झाला होता. कोणाचा भाचा हडपसरला राहतो, कोणाच्या मावशीची सून मांजरीला. लस तिथे बनते, तेव्हा आपल्या माणसाकडून काही जमेल, अशी भाबडी आशा इंदूरच्या रामबागेपासून लोकमान्य नगरपर्यंत सगळीकडे होती. हडपसरच्या माणसालासुद्धा लस मिळत नव्हती, हे त्या बिचाऱ्यांनी कितीदा सांगितलं असेल.

मग 1 मे 2021 पासून धोरण बदललं. निम्मी लस केंद्र घेणार, पाव राज्यं, पाव खासगी रुग्णालयं. एकाच कुपीचे तीन भाव झाले. कोविशील्ड केंद्राला दीडशे रुपयांना, राज्यांना तीनशेला (आधी तर चारशे सांगितले होते), खासगी रुग्णालयांना सहाशेला. कोव्हॅक्सिन राज्यांना चारशे, खासगीला बाराशे. स्पर्धेने पुरवठा वाढेल असं सांगितलं गेलं. घाऊक बाजारात बसणाऱ्या कोणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की विकणारे दोन आणि घेणारे शेकडो असले की स्पर्धा घेणाऱ्यांत होते, विकणाऱ्यांत नाही. राज्यं एकमेकांविरुद्ध बोली लावू लागली. पंजाब आणि दिल्लीने परदेशी कंपन्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की आम्ही फक्त केंद्र सरकारशी बोलतो. मे महिन्यात खासगी वाट्याच्या जवळपास निम्म्या मात्रा देशातल्या नऊ बड्या रुग्णालय समूहांनी उचलल्या, त्याही मुख्यतः महानगरांत. इकडे इंदूरची तरणी पोरं मोबाइलवर जिल्ह्यातल्या सांवेर-देपालपूरचे स्लॉट पकडून गाड्या घेऊन जात होती, आणि ज्यांच्या गावात केंद्र होतं ते शेतमजूर ॲप कसं उघडायचं ते विचारत होते.

सर्वोच्च न्यायालयाने 31 मे रोजी या धोरणाला प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कविसंगत म्हटलं. 7 जूनला पंतप्रधानांनी जाहीर केलं की 21 जूनपासून 75 टक्के लस केंद्रच घेऊन राज्यांना फुकट देईल. निर्णय योग्य होता. तो घ्यायला जे पाच आठवडे गेले ते दुसऱ्या लाटेतले होते.

यावर कोणी म्हणेल, जानेवारीत तर खरेदी केंद्राकडेच होती, तरी उशीर झालाच ना? बरोबर आहे. एकच खरेदीदार असणं पुरेसं नाही. त्याने धोका पत्करून आधी पैसे लावायला हवेत, वर्षा-दोन वर्षांचा शब्द द्यायला हवा आणि तो पाळायला हवा. केंद्राने यातलं पहिलं केलं नाही, म्हणून मग सगळंच राज्यांच्या गळ्यात टाकणं हा उपाय नव्हता.

हे सगळं नवीन शोधून काढायचीही गरज नाही. लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेतर्फे 1977 मध्ये लशींसाठी एक फिरता निधी उभारला आणि 1979 पासून त्यातून खरेदी सुरू केली. चाळीसेक देश-प्रदेश आपापली वर्षाची गरज आधी कळवतात, संघटना सगळ्यांची मागणी एकत्र करून निविदा काढते, आणि छोट्या होंडुरासला व अवाढव्य ब्राझीलला एका लशीचा भाव एकच पडतो. माल हातात आल्यावर पैसे भरायला साठ दिवस मिळतात. साठ दिवसांची उधारी म्हणजे काय हे दवा बाजारात कोणाला समजावून सांगायला नको. छोट्या दुकानदाराचा सगळा धंदा तिच्यावर तरतो, आणि ज्या देशाच्या तिजोरीत पैसा मार्चनंतर येतो त्याचं लसीकरणही. याच खंडात पोलिओ 1994 पर्यंत हद्दपार झाला. तो लशीने झाला, पण लस खेड्यापर्यंत न तुटता पोचत राहिली त्यामागे हा निधी होता.

एकेकटं खरेदीला जाणाऱ्याचं काय होतं ते दक्षिण आफ्रिकेने पाहिलं. जानेवारी 2021 मध्ये कोविशील्डसाठी त्यांना मात्रेमागे 5.25 डॉलर मोजावे लागले. युरोपीय संघाला ॲस्ट्राझेनेकाची तीच लस दोन-सव्वादोन डॉलरला पडत होती. युरोपने संशोधनात आधी पैसा घातला होता, असं कारण दिलं गेलं. ज्या देशातल्या लोकांनी त्या लशीच्या चाचणीसाठी स्वतःचे दंड पुढे केले होते, त्यांना हे कारण कसं वाटलं असेल?

कोव्हॅक्स ही योजना याच एकत्र खरेदीच्या कल्पनेवर उभी होती. गरीब देशांसाठी लशी घेणारी ‘गावी’ ही संस्था, नव्या लशींच्या संशोधनाला पैसा पुरवणारी ‘सेपी’, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून 2021 अखेर दोनशे कोटी मात्रा पोचवायचं ठरवलं. 24 फेब्रुवारी 2021 रोजी घानाची राजधानी अक्रा इथे पहिल्या सहा लाख मात्रा उतरल्या. त्या पुण्याच्या होत्या. पुढे वर्षअखेर ठरवल्याच्या निम्म्याही पोचल्या नाहीत. कोव्हॅक्सकडे पैसा आला तो श्रीमंत देशांचे करार होऊन गेल्यावर, आणि तिची सगळी भिस्त एका कारखान्यावर, म्हणजे सीरमवर होती. मार्च-एप्रिलमध्ये भारताने निर्यात थांबवली आणि आफ्रिकेतले पहिला डोस घेतलेले आरोग्य कर्मचारी दुसऱ्यासाठी ताटकळले.

निर्यातबंदीबद्दल मला जे वाटतं ते सांगतो, माझ्या ओळखीतल्या अनेकांना पटणार नाही तरी. एप्रिल-मेमध्ये आपल्याच स्मशानांत जागा नव्हती, तेव्हा काही आठवडे माल घरात ठेवणं कोणत्याही सरकारने केलं असतं. पण कोव्हॅक्सला भारतातून लस पुन्हा जाऊ लागली ती नोव्हेंबरअखेर. ऑक्टोबरात आपण शंभर कोटी मात्रांचा उत्सव साजरा करत होतो आणि शब्द दिलेले देश वाट पाहत होते. इतर देशांना लस पाठवायच्या ‘व्हॅक्सिन मैत्री’ मोहिमेत आपण जानेवारीपासून भूतान-मालदीवपासून सुरुवात करून जे कमावलं, त्यातलं बरंच तिथे गेलं. व्यापारात एकदा ऑर्डर घेऊन माल अडवला की गिऱ्हाईक दुसरा पुरवठादार शोधतं, आणि त्यात त्याची चूक नसते. आफ्रिकन संघाने 2040 पर्यंत आपल्या गरजेच्या 60 टक्के लशी खंडातच बनवायचं जे लक्ष्य ठेवलं आहे, त्यामागे हा अनुभवही आहे.

नंतर श्रीमंत देशांकडून दानही आलं, पण कसं? नायजेरियाने डिसेंबर 2021 मध्ये अबुजा इथे दहा लाखांहून अधिक मुदत संपलेल्या मात्रा नष्ट केल्या. त्या देशात आल्या तेव्हाच त्यांची मुदत काही आठवड्यांवर आली होती. शॉर्ट एक्सपायरीचा माल कोण कोणाला आणि का देतो, हे आमच्या धंद्यात नवं नाही. ज्याच्याकडे तो पडून असतो त्याचं गोदाम मोकळं होतं, आणि घेणाऱ्याच्या अंगावर नुकसान आणि बदनामी दोन्ही येतं. कधी किती येणार ते आधी माहीत नसलेली, दोन महिन्यांत संपवायची लस घेऊन कुठलाही आरोग्य विभाग गावोगावचं वेळापत्रक आखू शकत नाही.

आता पेटंटचा मुद्दा. ऑक्टोबर 2020 मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत पेटंटची बंधनं तात्पुरती उठवायची मागणी केली. मागणी न्याय्यच होती. जून 2022 मध्ये जिनिव्हात जे पदरात पडलं ते फार थोडं आणि फार उशिरा. पण पेटंट सुटलं की लस आपोआप तयार होते असं नाही, आणि याचा सगळ्यात बोलका पुरावा दक्षिण आफ्रिकेतच आहे. तिथल्या ॲस्पेन कंपनीला 2022 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनची लस आपल्या नावाने विकायचा परवाना मिळाला. कारखाना होता, माणसं होती, परवाना होता. ऑर्डर एकही आली नाही. आफ्रिकेत लस बनली पाहिजे म्हणून भाषणं करणाऱ्यांपैकी कोणीही त्या लशीसाठी पैसे बांधले नाहीत.

याच्या नेमकी उलट गोष्ट पुण्यातच घडली आहे, आणि मराठी वाचकांना ती फारशी ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाची, साथ ठरावीक वर्षांनी यायची. 1996-97 च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि 25 हजार गेले. ए प्रकारच्या जंतूवर टिकाऊ लस बनवता येईल हे शास्त्रज्ञांना माहीत होतं, पण बड्या कंपन्यांना त्यात रस नव्हता, कारण रोगी गरीब होते. पाथ ही आरोग्य क्षेत्रातली संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मग उलट्या टोकाकडून सुरुवात केली. आधी आफ्रिकेच्या आरोग्य खात्यांना विचारलं, तुम्हाला किती भाव परवडेल? उत्तर आलं, मात्रेला अर्ध्या डॉलरच्या आत. त्या भावात बनवायला कोण तयार आहे हे मग शोधलं. तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेकडून मिळालं, पैसा गेट्स फाउंडेशनकडून, आणि लस बनवली सीरमने. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिली गेली. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली, आणि 2017 नंतर त्या पट्ट्यात ए प्रकारच्या मेनिंजायटिसचा एकही पक्का रुग्ण नोंदला गेलेला नाही. इथे खरेदीदार आधी ठरला, भाव आधी ठरला, किती माल लागेल तेही ठरलं, आणि त्यावर कारखाना उभा राहिला.

सरकारी कारखान्यांबद्दलही थोडं बोललं पाहिजे. जानेवारी 2008 मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी इथल्या तीन जुन्या सरकारी लस संस्थांचे परवाने दर्जाच्या कारणावरून थांबवले गेले. त्रुटी खऱ्या होत्या. पण सुधारायला पैसा आणि मुदत न देता दारं बंद केली, आणि बालकांच्या लसीकरणाची मोठी खरेदी खासगीकडे वळली. 2010 मध्ये परवाने परत मिळाले तोवर बरंच निसटलं होतं. चेन्नईजवळ चेंगलपट्टूला सरकारी पैशाने बांधलेलं भव्य लस संकुल 2021 मध्ये उभं होतं, पण त्यातून लशीची एकही कुपी निघत नव्हती. सगळी लस सरकारनेच बनवावी असं मी म्हणत नाही. पण लशीला खर्च किती येतो हे माहीत असलेला एक तरी कारखाना खरेदीदाराच्या हातात असला, की समोरच्याने सांगितलेला भाव मुकाट्याने मान्य करावा लागत नाही.

कोणाला वाटेल हे सगळं जिनिव्हा-दिल्लीचं बोलणं आहे. मागे नातीला गोवर-रुबेलाची लस द्यायला सुनेबरोबर वस्तीतल्या आंगणवाडीत गेलो होतो. मंगळवार होता. सिस्टरच्या निळ्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये चार बाजूंना चार बर्फाचे पॅक आणि मध्ये पिशवीत कुप्या. तिने एक कुपी उचलून उजेडात धरली. झाकणावर एक गोल आणि त्यात फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि तो गोलाएवढा गडद झाला की कुपी फेकायची. चौकोन पांढराच होता. ही लस पाण्यात कालवून एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, आणि कुपीत पाच मात्रा असतात. त्या वेळी तिथे त्या लशीचं बाळ एकच होतं, आमचं. मी विचारलं, "सिस्टर, बाकीच्या चार वाया जातील ना?" ती म्हणाली, "जाऊ देत बाबा. पोर परत गेलं तर पुन्हा येईलच असं नाही." कुपीवर वेळ लिहिली आणि सुई भरली.

ती असं म्हणू शकली, कारण शुक्रवारी आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये आणखी कुप्या असणार याची तिला खात्री होती. जिथे ही खात्री नसते तिथली सिस्टर एका बाळासाठी कुपी फोडत नाही, "पुढच्या वेळी या" म्हणते, आणि रोजंदारी बुडवून आलेली आई पुढच्या वेळी येत नाही. आपण त्याला लोकांची अनास्था म्हणतो. पुष्कळदा ती वरच्या गोदामातली अनिश्चितता असते, खाली झिरपत आलेली.

आज हे पुन्हा निकडीचं झालं आहे. गावी ही संस्था गरीब देशांसाठी लशी विकत घेते. जून 2025 मध्ये तिने पुढच्या पाच वर्षांसाठी 1,190 कोटी डॉलर मागितले, तेव्हा नऊशे कोटींच्या थोड्या वरच आश्वासनं मिळाली, आणि अमेरिकेने तर हातच काढून घेतला. याचा अर्थ येत्या वर्षांत ऑर्डरी कमी होणार, मलेरियाची नवी लस जितक्या मुलांपर्यंत जायला हवी तितक्यांपर्यंत जाणार नाही, आणि पुण्या-हैदराबादच्या कारखान्यांतल्या उत्पादनाच्या ओळीही रिकाम्या राहणार. मे 2025 मध्ये मान्य झालेल्या महासाथ करारात साथीच्या काळात उत्पादनाचा 20 टक्के वाटा जागतिक आरोग्य संघटनेसाठी राखायची तरतूद आहे. चांगली आहे, पण साथ आल्यावरची आहे. शांततेच्या काळात ज्या कारखान्याला नियमित गिऱ्हाईक नाही तो साथीत वाटा काढून द्यायला शिल्लकच राहणार नाही.

भारत या व्यवहारात दोन्ही बाजूंना उभा आहे. जगातला मोठा विक्रेता आणि दरवर्षी अडीच कोटींहून अधिक नवजात बाळांसाठी लस घेणारा मोठा खरेदीदार. दक्षिण आशियातल्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊन लॅटिन अमेरिकेसारखा फिरता निधी उभारायची ताकद आपल्यात आहे. पुढच्या साथीत निर्यात थांबवायची वेळ आलीच तर किती दिवस आणि किती टक्के, हे आत्ताच कायद्याने लिहून ठेवता येईल. आणि घरातलं एक काम तर उद्या सुरू करता येण्यासारखं आहे. कोणत्या केंद्राच्या फ्रीजमध्ये किती लस आहे आणि तापमान किती आहे, हे ईव्हिन या यंत्रणेत 2015 पासून नोंदलं जातं, आणि पहिल्या काही राज्यांत मध्य प्रदेशही होता. जून 2021 मध्ये केंद्राने राज्यांना लिहून कळवलं की ही माहिती संवेदनशील आहे, परवानगीशिवाय बाहेर देऊ नये. साठ्याचे जिल्हावार आकडे रोज लोकांसमोर आले असते, तर 21 जूनच्या आधीच्या आठवड्यात इंदूरच्या कोणत्या फ्रीजमध्ये किती कुप्या थांबून होत्या हे त्याच दिवसांत दिसलं असतं आणि विचारता आलं असतं. लहान मुलांच्या लशींसाठी तरी हे आकडे राज्य सरकारने केंद्राची परवानगी मागून, जिल्ह्याच्या नावानिशी, आतापासून खुले करावेत.